छोट्या कॉलेजचा हेड कोच की मोठ्या कॉलेजात असिस्टंट?

अमेरिकेत बेसबॉल कोचिंग करणारा एक मित्र अडकलाय, डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांची तिसरी पातळी, बहुतेक छोटी कॉलेजं) कॉलेजात हेड कोच व्हायचं की डिव्हिजन वनला (सगळ्यात वरची पातळी, मोठी कॉलेजं) असिस्टंट.

पैसा बघितला तर डिव्हिजन वनच्या टॉप टीम्सना पगार तगडा, पण सगळीकडे नाही, तिथला तिसरा असिस्टंट २०२३ पर्यंत नियमानेच बिनपगारी असायचा.

कामाचं म्हणाल तर छोट्या कॉलेजात सगळं तुमच्याच गळ्यात, पाऊस आला की माउंडवर (बॉल टाकणारा उभा राहतो तो मातीचा उंचवटा) ताडपत्री टाका, मॅच संपली की माती सपाट करा, वर फंडरेझिंग. रिक्रूटिंग, म्हणजे खेळाडू मिळवणं, तर फारच अवघड, कारण डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप देताच येत नाही, मग पोराच्या आईवडिलांना फी आणि मार्कांवर मिळणारी मदत समजावत बसायचं. मॅचेस मात्र सीझनला साधारण ४०, डिव्हिजन वनला ५६.

नोकरीची खात्री? डिव्हिजन वनला हेड कोच गेला की असिस्टंटही बरेचदा जातो. छोट्या ठिकाणी कॉलेजच बंद पडू शकतं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे छोटं कॉलेज ३१ मे २०२४ ला बंद झालं आणि त्याच दिवशी त्यांची पोरं डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (कॉलेजांची अंतिम स्पर्धा) खेळत होती, आजही वाचलं की गलबलून येतं.

वरच्या लेव्हलची ओढ असेल आणि दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायची तयारी असेल तर असिस्टंट. घरदार एका जागी हवं, पोरं चार वर्षं घडताना बघायची असतील तर छोटं कॉलेज, फक्त आधी त्याची आर्थिक स्थिती नीट तपासा.