जावई तेच, घर तेच, मग दुसऱ्या भागात बिनसलं कुठे? एक फ्रेंच कौटुंबिक विनोदी त्रयी आणि तिचे दोन पर्याय

फ्रान्समध्ये २०१४ साली आलेल्या एका विनोदी चित्रपटाने १ कोटी २० लाखांहून जास्त प्रेक्षक थिएटरात खेचले. चार मुली, त्यांचे चार नवरे आणि जावयांच्या जातकुळीने हादरलेले आईबाप, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक फिलिप द शोव्हराँ. मूळ नाव ‘केस्क ऑन आ फे ओ बाँ द्यू?’, पण शोधताना ‘सीरियल बॅड वेडिंग्ज’ या इंग्रजी नावाने लवकर सापडतो. दुसरा भाग ३० जानेवारी २०१९ ला आला, तिसरा ६ एप्रिल २०२२ ला. दुसऱ्याला सुमारे ६७ लाख प्रेक्षक मिळाले, तिसऱ्याला सुमारे २४ लाख. ही घसरण अन्यायाची नाही.

आमचं मत आधीच सांगतो. पहिला बघाच. दुसरा सोडला तर काही बिघडत नाही, आणि पहिला आवडलेल्यांनी तर तो सोडावाच. तिसरा त्याहून थोडा बरा, पण हातातली एक संध्याकाळ त्याच्यावर घालवावी असा नाही. ती संध्याकाळ ‘ल प्रेनाँ’ (२०१२) किंवा ‘अँ नेर द फामीय’ (१९९६) यांपैकी एकाला द्यावी. दोहोंपैकी कुठल्या चित्रपटाला द्यावी हे सोबत कोण बसणार आहे यावर ठरेल.

पहिल्या भागाची बांधणी

क्लोद आणि मारी व्हेर्नय हे लोआर खोऱ्यातल्या शिनाँ गावचं सुखवस्तू कॅथलिक जोडपं. क्लोदची भूमिका क्रिस्त्याँ क्लाव्हिएने केली आहे, मारीची शांताल लोबीने. थोरल्या तिघींपैकी इझाबेलचा नवरा रशीद मुसलमान, ओदिलचा दाव्हीद ज्यू आणि सेगोलेनचा शाओ चिनी वंशाचा. आईबापांची सगळी आशा आता धाकट्या लोरवर आहे. लोर सांगते की मुलगा कॅथलिक आहे, नाव शार्ल. घरात आनंदीआनंद होतो. मग कळतं की शार्ल कोफी आयव्हरी कोस्टचा आहे, कृष्णवर्णीय आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाने तीन गोष्टी आधीच ध्यानात घेतलेल्या बऱ्या, नाहीतर पहिली वीस मिनिटं अर्धीच पोचतात. एक, क्लोद हा नोटरी आहे, पण कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. फ्रान्सचा नोटरी म्हणजे मालमत्तेची खरेदी-विक्री, वारसा, मृत्युपत्रं बघणारा कायद्याचा मानाचा अधिकारी. गावात त्याचं वजन असतं, हाताशी पैसा असतो. दोन, सुरुवातीची तीनही लग्नं नगरपालिकेत लागतात, कारण फ्रान्समध्ये कायद्याने तेच लग्न खरं. चर्चचा विधी त्यानंतर, हवा असेल तर. म्हणजे आईबापांचा राग जावयांइतकाच हुकलेल्या चर्चवरही आहे, आणि शार्ल कॅथलिक आहे हे ऐकताच मारी इतकी का हरखते हे यावरूनच समजतं. तीन, क्लोद स्वतःला द गॉलचा, म्हणजे फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा, अनुयायी म्हणवतो. ‘मी वंशवादी नाही’ असं सांगण्याची त्याच्या पिढीतल्या उजव्या मध्यमवर्गाची ती सभ्य रीत आहे.

चित्रपट ९७ मिनिटांचा आहे आणि त्यात प्रश्न एकच: हे चौथं लग्न होणार की नाही? प्रत्येक प्रसंग त्या प्रश्नाला पुढे किंवा मागे ढकलतो. नाताळच्या जेवणाचंच बघा. मारी तीन जावयांसाठी तीन टर्की करते, एक हलाल, एक कोशर, एक चिनी पद्धतीची. जेवणानंतर तिघे छातीवर हात ठेवून फ्रेंच राष्ट्रगीत म्हणतात आणि सासऱ्याचा चेहरा पाघळतो. विनोद तर आहेच, पण या प्रसंगाने घर सांधलं जातं आणि त्यामुळेच शार्लच्या बातमीचा धक्का दुप्पट बसतो. पुढे ते तीन जावईच चौथ्याच्या विरोधात एक होतात. ज्यांना स्वतःला नाकारलं गेलं होतं तेच दाराशी उभे राहून चौथ्याला अडवतात! तिन्ही भागांत इतकं धारदार निरीक्षण दुसरं नाही.

खरी कमाई मात्र व्याह्यांची आहे. शार्लचे वडील आंद्रे कोफी (पास्काल न्झोंझी) या लग्नाच्या क्लोदपेक्षाही जास्त विरोधात आहेत. आयव्हरी कोस्ट १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. गोऱ्यांनी काय काय नेलं याचा हिशेब आंद्रेच्या जिभेवर तयार असतो. दोन बाप एकमेकांना टोचत राहतात, मग मासेमारीला जातात, मग पितात, आणि हळूहळू उमगतं की दोघांचे पूर्वग्रह एकाच साच्यातून निघालेत. इथे प्रत्येक टोमण्याला समोरून उत्तर येतं, आणि चित्रपटाचा तोल त्यानेच राखला जातो.

दोषही आहेत. कुठलाही जावई त्याच्या समाजाच्या ठोकळेबाज चित्रापलीकडे फारसा जात नाही. पाहुण्यांनी कुणाकुणाची थट्टा करावी याबाबत ज्यांच्या घरी कडक नियम आहेत, त्यांना हा पहिला भागही खटकेल. पण त्याला स्वतःचं इंजिन आहे.

दुसऱ्या भागात काय बिघडलं

कल्पना कागदावर वाईट नव्हती. क्लोद आणि मारी चारही व्याह्यांचे देश फिरून येतात, अल्जीरिया, इस्रायल, चीन, आयव्हरी कोस्ट. परत येऊन बघतात तर चारही जावई फ्रान्स सोडायच्या बेतात. रशीदला अल्जीरिया खुणावतोय, दाव्हीदला इस्रायल, शाओला चीन. शार्लला फ्रान्समध्ये भूमिका मिळत नाहीत म्हणून त्याला भारतात येऊन बॉलिवूडमध्ये नशीब काढायचंय. मुली आणि नातवंडं दुरावणार, म्हणून आईबाप त्यांना थांबवायच्या खटपटीला लागतात.

पहिली चूक हिशेबाची आहे. चित्रपट ९९ मिनिटांचा. त्यात चार जोडप्यांचे चार बेत, आईबापांची खटपट, आंद्रे कोफीच्या मुलीचं एका मुलीशी ठरलेलं लग्न आणि व्हेर्नयांच्या बागेत काम करणारा अफगाण निर्वासित. सात धागे झाले. सरासरी काढली तर एकेकाच्या वाट्याला चौदा मिनिटं. चौदा मिनिटांत देश सोडण्याचं दुःख उभं राहत नाही, त्यावरचा विनोदही नाही. शाओला रस्त्यावरच्या हल्ल्यांची भीती वाटते, हा एक गंभीर धागा होता. त्यातून निघतात ते दोन-तीन गमतीचे प्रसंग. शार्लची तक्रारही खरी आहे. फ्रेंच पडद्यावर कृष्णवर्णीय नटाला कुठल्या भूमिका मिळतात, या एकाच प्रश्नावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. इथे बॉलिवूड हे शार्लला दूर पाठवायचं एक ठिकाण आहे. मुंबईच्या चित्रपटधंद्यात परदेशी नटाचं काय होतं याची जरासुद्धा चाहूल पटकथेत नाही. मराठी प्रेक्षक नेमका याच भागाकडे कुतूहलाने वळेल आणि रिकाम्या हाताने परतेल.

दुसरी चूक मोठी आहे, आणि बाकी सगळं तिच्यातूनच येतं. पहिल्या भागात बदलायचं होतं क्लोदला. हट्ट त्याचा, आणि त्याचा भुर्दंडही त्यालाच. मारी त्याला सोडून जायची भाषा करते तेव्हा पोटात गोळा येतो. दुसऱ्या भागात क्लोदला काहीच सोडावं लागत नाही. बदलायचं जावयांनी, आणि त्यासाठी सासूसासरे पडद्याआडून युक्त्या लढवणार. ज्याला काही गमवायचंच नाही अशा माणसाच्या धडपडीत ताण कुठून येणार? लोआरचं निसर्गसौंदर्य दाखवून जावयांची मनं वळवायचा भाग तर पर्यटन खात्याच्या माहितीपटासारखा सरकतो.

टोमण्यांची दिशाही बदलली आहे. पहिल्यात सगळे एकाच टेबलावर बसून एकमेकांना बोलत होते. इथे क्लोदच्या संशयाचा विषय आहे तो अफगाण माळी, त्याच्याच घरी काम करणारा, परक्या देशात आसरा शोधणारा माणूस. आंद्रे कोफीसारखं फाडकन उत्तर द्यायची मुभा त्याला नाही. हसू अडतं ते इथे. आंद्रेच्या मुलीच्या लग्नाचा धागा याहून बरा जमलाय, कारण तिथे आंद्रेला पुन्हा पहिल्या भागातल्या क्लोदच्या जागी उभं केलंय. म्हणजे जुनंच इंजिन उसनं आणलंय. आणि चार मुली? पहिल्यातही त्यांना जागा कमीच होती. दुसऱ्यात नवऱ्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता त्यांचं स्वतःचं म्हणणं जवळजवळ विरून जातं. कुटुंबाच्या गोष्टीत हे चालत नाही.

क्लाव्हिए आणि न्झोंझी समोरासमोर येतात ती मिनिटं मात्र इथेही चांगली आहेत. तेवढ्यासाठी ९९ मिनिटं द्यायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात

क्लोद-मारीच्या लग्नाला ४० वर्षं होतात, आणि मुली चारही घरच्या सासूसासऱ्यांना शिनाँला बोलावतात. सगळे पुन्हा एका छपराखाली आणले, हे शहाणपणाचं. पण माणसं मोजा: यजमान दोन, मुली-जावई आठ, व्याही-विहिणी आठ, वर सेगोलेनच्या चित्रांवर भाळलेला एक जर्मन संग्राहक. एकोणीस जण आणि ९८ मिनिटं. शिवाय ओदिलच्या भूमिकेत जुलिया प्याताँच्या जागी आलिस दाव्हीद आली आहे. मागचे भाग लागोपाठ बघितले असतील तर काही क्षण गोंधळ होतो. सैल गप्पांसोबत लावून ठेवायला चालेल.

त्याच वेळात बघता येतील असे दोन

‘ल प्रेनाँ’ इंग्रजीत ‘व्हॉट्स इन अ नेम’ नावाने मिळतो. १०९ मिनिटं, पॅरिसमधलं एक घर, रात्रीचं जेवण, टेबलाभोवती पाच माणसं. मात्यू देलापोर्त आणि अलेक्सांद्र द ला पातेलिएर यांनी आधी याचं नाटक केलं, मग स्वतःच चित्रपट. व्हॅन्साँ (पात्रिक ब्रुएल) बहिणीकडे जेवायला येतो आणि होणाऱ्या मुलाचं नाव अडॉल्फ ठेवणार असं जाहीर करतो. तो म्हणतो, हे नाव बेंजामिन कॉन्स्टंटच्या १८१६ च्या कादंबरीतलं. मेहुणा प्येर, साहित्याचा प्राध्यापक, हे ऐकून खवळतो. फ्रेंचमध्ये कादंबरीतल्या आणि हिटलरच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार एकच, म्हणून भांडण संपतच नाही.

दुसऱ्या ‘वेडिंग्ज’शी ताडून बघावा तो हाच. तिथे सात धागे, इथे एक ठिणगी. नावावरून सुरू झालेला वाद कंजूषपणावर जातो, मग स्वार्थावर, मग वर्षानुवर्षं न बोललेल्या गोष्टींवर. शेवटाकडे बहीण एलिझाबेत, जी सबंध वेळ स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यात येरझाऱ्या घालत होती, ती तोंड उघडते. नवऱ्याच्या प्रबंधासाठी, मुलांसाठी, घरासाठी आपण काय काय सोडलं ते एका दमात सुनावते. व्हालेरी बेंगिगीला या भूमिकेसाठी सेझार हा फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळाला. शांत मित्र क्लोद झालेल्या गियोम द तोंकेदेकलाही. कुठलाच विनोद कुणाच्या वंशावर उभा नाही, तरी बोचरेपणात हा काकणभर सरसच.

‘अँ नेर द फामीय’ (इंग्रजीत ‘फॅमिली रिझेम्ब्लन्सेस’) ११० मिनिटांचा आहे. दिग्दर्शक सेद्रिक क्लापिश. मूळ नाटक आन्येस जावी आणि जाँ-प्येर बाक्री यांचं, आणि पडद्यावरची बहीण-भावाची जोडीही तेच दोघे. शुक्रवारची रात्र, आँरीचं उतरती कळा लागलेलं कॅफे. आँरीची बायको घर सोडून गेली आहे. भाऊ फिलिप दोन मिनिटं टीव्हीवर दिसला, त्यातच तो अडकून बसलाय. आणि वाढदिवस आहे फिलिपच्या बायकोचा, योलांदचा, ज्याकडे कुणाचंच लक्ष नाही. कातरीन फ्रोची योलांद बघाच. भेटवस्तूंचा प्रसंग हसवता हसवता जीव कासावीस करतो. पहिली पंचवीस-तीस मिनिटं संथ आहेत. त्यांतच कोण कुणाला कसं दाबतं हे पेरलेलं असतं, तेव्हा पुढे ढकलू नका. नाटकं बघायची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला एकाच जागी घडणाऱ्या या दोन्ही चित्रपटांचा कंटाळा येणार नाही.

कुणासोबत आणि कुठल्या भाषेत

घरात तीन पिढ्या एकत्र बसणार असतील तर पहिला ‘वेडिंग्ज’ सोपा. चेहऱ्यांवरचा विनोद भाषेविनाही पोचतो. सुंता, धर्म, रंग यांवर सतत शेरे आहेत, त्यामुळे लहान मुलांचे प्रश्न येतील याची तयारी ठेवा. नवरा-बायको किंवा भावंडं असाल तर ‘ल प्रेनाँ’. विशीतल्या मुलांनाही तो पकडतो. पन्नाशीपुढच्या भावाबहिणींसाठी ‘अँ नेर द फामीय’, फक्त घरात नुकताच वाद झाला असेल तर आठवडाभर थांबा.

मूळ फ्रेंच आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स हेच निवडा. क्लाव्हिएचा अर्धा विनोद त्याच्या धुसफुशीत आहे, डबिंगमध्ये तो मरतो. ‘ल प्रेनाँ’मध्ये पाचही जण एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि सबटायटल्स भराभर बदलतात, म्हणून मोबाइलवर न बघता मोठ्या पडद्यावर बघा. सुरुवातीचं पॅरिसच्या रस्त्यांवरचं वेगवान निवेदन वाचताना दम लागतो; ते निसटलं तरी घाबरू नका, गोष्ट दाराची बेल वाजल्यावरच सुरू होते.