‘आधी थोडे पाठवून बघा’ म्हणणाऱ्यांनो, माझे ६,४८० यूएसडीटी तिथंच गेले

सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) कागदावर होती, फोनमध्ये नाही. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोच्या चाव्या ठेवायचं वेगळं उपकरण, होतं. क्रॅक केलेलं एकही सॉफ्टवेअर मशीनवर नव्हतं. तरी ६,५०० पैकी ६,४८० यूएसडीटी (डॉलरच्या किमतीचं डिजिटल नाणं) गेले. जे २० वाचले ते चाचणी म्हणून आधी पाठवलेले. आणि चोराला खबर लागली ती त्या चाचणीमुळेच.

हे नाणं ज्यावर फिरतं त्या इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचा, म्हणजे सार्वजनिक खातेवहीतला, प्रत्येक व्यवहार उघड्यावर असतो. कोणी कोणाला यूएसडीटी पाठवले यावर बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) डोळा ठेवून बसलेले असतात. ९ वाजून १४ मिनिटांनी २० यूएसडीटी माझ्याच दुसऱ्या वॉलेटला गेले आणि नीट पोचले. ९:१९ ला हिस्टरीत आणखी एक नोंद आली: वरवर त्याच पत्त्यावर, पाठवलेले, ० यूएसडीटी. पत्ता सुरुवातीला ४७१९, शेवटी ०८३६. मधे तीन टिंबं. वॉलेट दाखवतं तेवढंच. ९:४१ ला तीच वरची नोंद उघडून पत्ता कॉपी केला आणि उरलेले सगळे पाठवले.

ती नोंद मी केलेलीच नव्हती. तुमच्या खात्यातून शून्य रक्कम ‘पाठवायला’ तुमची सही लागत नाही. तुम्ही दुसऱ्याला दिलेली खर्चाची परवानगी रकमेएवढी आहे ना, एवढंच कॉन्ट्रॅक्ट (नाणं चालवणारा प्रोग्रॅम) तपासतं. परवानगी शून्य, रक्कम शून्य, हिशोब जुळला. त्यामुळे तुमच्या हिस्टरीत तुमच्याच नावावर चोराचा पत्ता येऊन बसतो. काही जण यूएसडीटी नावाचं खोटं टोकन वापरून रक्कमसुद्धा हुबेहूब २० दाखवतात. पुढची चार आणि मागची चार अक्षरं जुळणारा पत्ता शोधायला सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आकडा ऐकून हायसं वाटू देऊ नका, ग्राफिक्स कार्डाला ते किरकोळ काम आहे. आणि पत्त्यातल्या लहान-मोठ्या अक्षरांच्या चेकसमवरही (टायपिंगची चूक पकडणारी खूण) विसंबू नका. खोटा पत्ता हाही खराखुरा, वैध पत्ताच असतो.

आता जिथं कळायला हवं होतं ती जागा. हार्डवेअर वॉलेटने अख्खा पत्ता दाखवला होता. तीन ओळी. पहिल्या ओळीची सुरुवात पाहिली, तिसरीचा शेवट पाहिला, बटण दाबलं. खऱ्या पत्त्यात पाचवं अक्षर ‘डी’ आहे, खोट्यात ९. पाचवं! ४७१९ च्या लगेच पुढचं. अजून एक अक्षर वाचलं असतं तर बस होतं. ‘चाळीस अक्षरं कोण वाचतं’ असं म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि खरं सांगायचं तर दोन्ही टोकं बघायची सवय वॉलेटवाल्यांनीच लावली आहे, मधली अक्षरं झाकून.

हिस्टरीतून पत्ता कधीही कॉपी करू नका. पैसे जिथं घ्यायचे आहेत त्या वॉलेटच्या ‘रिसीव्ह’मधून घ्या, पडताळून ॲड्रेस बुकमध्ये ठेवा आणि तिथूनच वापरा. कॉपी केलेलाही बदलू शकतो: क्लिपर नावाचं मालवेअर क्लिपबोर्डवरचा पत्ता पेस्ट होण्याआधी चोराच्या पत्त्याने बदलतं. म्हणून जुळवणी मशीनच्या पडद्यावर नको, हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर करा, आणि मधली आठ-दहा अक्षरं मोठ्याने वाचा.

मे २०२४ मध्ये एकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप), तेव्हाचे जवळपास ६.८ कोटी डॉलर, असेच गेले. त्यानेही आधी चाचणी केली होती. चोराशी वाटाघाटी होऊन त्याला बरंचसं परत मिळालं. ६,४८० साठी कोण वाटाघाटी करतो?

पोलिसांकडच्या तक्रारीचं काय झालं तेही ऐका. फॉर्ममध्ये बँकेचं नाव आणि खाते क्रमांक सक्तीचे. खाते क्रमांकाच्या रकान्यात वीस आकडे मावतात, पत्ता सुरुवातीचं 0x धरून बेचाळीस अक्षरांचा. टेबलामागचे साहेब म्हणाले, “पाठवले तुम्हीच ना? मग चोरी कुठं झाली?” एक्सचेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) म्हणतं पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात एक्सचेंजचं आणा. यूएसडीटी काढणाऱ्या कंपनीला पत्ता गोठवता येतो, पण चोरालाही ते माहीत असतं. त्याने अकरा मिनिटांत सगळं डाय या दुसऱ्या डिजिटल डॉलरमध्ये बदललं, आणि डाय कोणी गोठवू शकत नाही. पहिलं उत्तर आलं तिसऱ्या दिवशी: ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’

व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक), दोन्ही पत्ते आणि वेळ पहिल्या पाच मिनिटांत लिहून ठेवा. नंतर हेच पुन्हा पुन्हा मागतात. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा आला तर तो दुसरा चोर. मला आलेल्याने १० टक्के आगाऊ मागितले, मग सीडचे बारा शब्द. सीडचा स्क्रीनशॉट असेल तर नुसता पुसून भागणार नाही, नवीन सीड करून पैसे हलवा. फोटोतली अक्षरं वाचणारं स्पार्ककॅट हे मालवेअर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलच्या अधिकृत ॲप स्टोअरमधल्या ॲप्समध्येही सापडलं होतं.

ती नोंद पुसता येत नाही. खऱ्या पत्त्याच्या बरोबर वर बसली आहे. काल तिच्या वर आणखी दोन आल्या, दोन्ही ४७१९ ने सुरू होणाऱ्या.