हेरॉइन तेच: व्हिएतनाममधलं आणि घरचं

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांना तिथे हेरॉइन स्वस्त मिळायचं आणि इतकं शुद्ध, की सिगारेटमध्ये भरून ओढता यायचं. घरची माणसं हजारो मैल लांब. सोबतीला भीती, कंटाळा आणि ओढणारेच मित्र. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. जवळपास २० टक्के जणांनी तिथे व्यसन जडल्याचं सांगितलं.

घरी माल महाग, पोलिसांची धास्ती, पण आपली माणसं जवळ. या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले साधारण ५ टक्केच! (परतीच्या विमानात बसण्याआधी लघवीत अंमली पदार्थ नाही ना, याची तपासणी होती, हेही खरं.) मला जागेचा हा फरक फार मोठा वाटतो. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या पोराला आपण पुन्हा त्याच नाक्यावर, त्याच टोळक्यात सोडतो.