‘पुना’ चिकोरी बियाणं: चराईला शिस्त असेल तरच घ्या

जनावरांच्या चराईसाठी म्हणून निवडलेलं चिकोरी या रुंद पानाच्या चारापिकाचं पहिलं वाण न्यूझीलंडचं: ‘ग्रासलँड्स पुना’, १९८५ साली आलेलं (पुण्याशी त्याचा काही संबंध नाही). त्यामागून ‘पुना टू’ आणि ‘चॉइस’ आली. तिन्ही वाणांचा स्वभाव जवळपास सारखाच, त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः ‘पुना’चं असलं तरी बाकीच्या दोघांना बहुतेक लागू पडतं.

न्यूझीलंडमधल्या वायकाटोसारख्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, रायग्रास हे चराऊ गवत वाळून काडी होतं, नेमकी तेव्हा चिकोरी जोरात असते. सोटमूळ खोल जातं आणि वरची माती कोरडी पडली तरी पान हिरवं राहतं. चाऱ्याची प्रतही तशीच: कोरड्या वजनाच्या किलोमागे साधारण १२ मेगाज्यूल ऊर्जा आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास. कोवळ्या लसूणघासाने जशी पोटफुगी होते, तशी निव्वळ चिकोरीने होत नाही. दूध तुटलेली कोकरं चांगल्या चिकोरीवर दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम वजन घेतात, उन्हाळी रायग्रासवर त्याच्या निम्म्यालाही पोचणं अवघड. आणखी एक फायदा जाहिरातीत क्वचितच दिसतो. रायग्रासच्या तळाच्या मेलेल्या पाल्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे तिथल्या मेंढ्यांना आणि गायींना फेशियल एक्झिमा होतो, यकृत खराब होतं. चिकोरीच्या रानात तसा पाला साठत नाही, म्हणून धोक्याच्या महिन्यांत जनावरं तिथे हलवता येतात.

आता पेरणी, कारण निम्मे पैसे इथेच बुडतात. बी बारीक, हजार बियांचं वजन जेमतेम दीड ग्रॅम. १ सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की उगवण विरळ. जमीन भुसभुशीत हवी पण पोकळ नको. पेरणीआधी आणि नंतर रोळ फिरवावा. रोळ फिरवलेल्या रानात चालल्यावर बुटाचा ठसा उथळ उमटला पाहिजे. टाच रुतत असेल तर अजून एकदा रोळ. सकाळी ९ वाजता १० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान १२ अंश आणि चढतं असलं की पेरावं, म्हणजे तिकडच्या वसंतात, ऑक्टोबरच्या सुमारास. निव्वळ चिकोरीला हेक्टरी ८ ते १० किलो, रायग्रास आणि क्लोव्हर (शेंगवर्गीय चारा) यांच्या मिश्रणात १ ते २ किलो पुरे. बियाण्यावर लेप असेल तर त्याचंही वजन धरलेलं असतं, तेव्हा पोत्यावर ‘निव्वळ बी किती’ ते वाचूनच दर ठरवावा.

उगवल्यावर पहिले तीन आठवडे रोज संध्याकाळी रानात फेरी हवी. बिनशंखाच्या गोगलगायी रात्रीत ओळी साफ करतात. तणाचं दुखणं त्याहून वाईट: चिकोरी स्वतःच रुंद पानाची, त्यामुळे रुंद पानांची तणं मारणारी बहुतेक औषधं तिलाही मारतात. फ्लुमेट्सुलामसारखी मोजकीच चालतात आणि तीही सगळ्या तणांवर नाहीत. काटेरी तणं किंवा डॉक (रुंद पानांचं चिवट तण) खूप असलेलं रान आदल्या हंगामातच स्वच्छ करावं; पेरल्यावर इलाज जवळपास उरत नाही.

पहिली चराई कॅलेंडर बघून ठरवू नये. रोपाला ६ ते ७ मोठी पानं हवीत. पान मुठीत धरून जनावर ओढतं तसं ओढून पाहा: पान तुटलं तर सोडा जनावरं, रोप उपटून आलं तर थांबा. पेरणीपासून हे साधारण ७ ते ९ आठवड्यांनी जमतं.

पुढची चराई हाच या पिकाचा खरा कस. २५ ते ३० सेंटिमीटर उंची झाली की जनावरं आत, ५ सेंटिमीटर उरलं की बाहेर, मग ३ ते ४ आठवडे विश्रांती. विजेच्या तारेने रोज नवा पट्टा देता येत नसेल आणि जनावरं महिनोन् महिने एकाच रानात सोडायची असतील, तर हे बियाणं घेऊच नका. सतत खुडलेला बुडखा काही महिन्यांत संपतो. विश्रांती लांबली तरी पंचाईतच. हिवाळ्याची थंडी खाल्लेल्या रोपांना दुसऱ्या वसंतात, कांद्याला डेंगळे यावेत तसे, दांडे फुटतात. सोडून दिले तर माणसाच्या उंचीला जातात आणि लाकडासारखे होतात. जनावर मग फक्त शेंडा खातं. दांडे गुडघ्याच्या बरेच खाली असतानाच दाट जनावरं सोडून खाऊ घालावेत. उंच दांडा यंत्राने कापला तर पोकळ बुंध्यात पाणी साचून बुडखा कुजतो. ओल्या हिवाळ्यात वाफसा नसताना गायी घातल्या तरी हाच शेवट: खुरांनी बुडखा फुटतो आणि स्क्लेरोटिनियासारख्या बुरशीला वाट मिळते. एकंदर, नीट सांभाळलेलं रान ३-४ वर्षं टिकतं, हयगय झालेलं दीड वर्षात विरळ होतं. खताचंही विसरू नये. चिकोरी शेंगवर्गीय नाही, नत्र तिला बाहेरूनच लागतं. चराईनंतर हेक्टरी ३० ते ४० किलो नत्र दिलं तर पुढचा पट्टा भरून येतो.

दुभत्या गायींसाठी वेगळी काळजी. पानातल्या कडू द्रव्यांचा वास-चव दुधात उतरू शकते, म्हणून चिकोरी एकूण आहाराच्या निम्म्याच्या आत ठेवावी, धार काढून झाल्यावर चारावी आणि आठवडाभरात हळूहळू वाढवावी. पान फार पाणीदार, कोरडा भाग १० ते १५ टक्केच. शेण पातळ दिसलं म्हणून घाबरू नये, पण सोबत थोडी सुकी वैरण ठेवावी. दुधाचाच धंदा असेल तर ‘चॉइस’ घ्यावं, त्यात लॅक्ट्युसिन हे कडू द्रव्य कमी ठेवलं आहे. बुडखा कुजण्याचा त्रास असलेल्या जमिनीत ‘पुना टू’. मेंढ्या आणि कोरडवाहू उतार असतील तर मूळ ‘पुना’लाही नाव ठेवण्यासारखं काही नाही.

भारतात खरेदी करताना मात्र वाणाचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याकडे जामनगर भागात होणारी चिकोरी कॉफीत मिसळायच्या मुळासाठी असते. ती जाड मुळासाठी निवडलेली. वारंवार चरून पुन्हा फुटण्यासाठी नाही. पोत्यावर नुसतं ‘चिकोरी’ एवढंच छापलं असेल, तर ते चराईचं बियाणं समजून घेऊ नये.