घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी घेतलेला नेल ग्राइंडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तांबूची नखे घरच्या घरी करता यावीत म्हणून गेल्या वर्षी दिवाळीचे फटाके पूर्ण थांबल्यावर मी चार्जिंगवर चालणारा एक लहान नेल ग्राइंडर, म्हणजे नख कापण्याऐवजी फिरत्या दांड्याने घासून कमी करणारे यंत्र, मागवला. आज आठ महिन्यांनंतर त्याबद्दल जबाबदारीने लिहिता येईल इतका तो माझ्या हाताखालून गेला आहे. किंमत १,१४९ रुपये पडली. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण याच घडणीचा, दोन वेगांचा आणि पुढच्या झाकणाला लहान, मध्यम व मोठे अशी तीन भोके असलेला ग्राइंडर बाजारात अनेक नावांनी विकला जातो. मला जे सांगायचे आहे तेही एका ब्रँडबद्दल नसून या प्रकारच्या यंत्राबद्दल आहे: ज्याचा कुत्रा पंजाला हात लावू देत नाही त्याने हे घ्यावे का, आणि घेतले तर त्याच्यापुढे किती कष्ट आहेत.

तांबू साडेपाच वर्षांचा गावठी कुत्रा आहे. वजन १९ किलो, रंग विटकरी, आणि पुढच्या दोन पायांची पाच-पाच व मागच्या पायांची चार-चार मिळून अठराही नखे काळी कुळकुळीत. दोन वर्षांपूर्वी नखे कापून घेण्यासाठी आम्ही त्याला एका ठिकाणी नेले होते. तिथे दोघांनी त्याला दाबून धरले आणि तिसऱ्याने घाईघाईत कात्री चालवली. उजव्या पुढच्या पायाच्या अंगठ्याचे नख जिव्हाळीपर्यंत, म्हणजे नखाच्या आतल्या जिवंत भागापर्यंत, कापले गेले. रक्त थांबायला वेळ लागला नाही, पण त्याने घेतलेला धसका मात्र आजही पूर्ण गेलेला नाही. घरी परतल्यावर नखांची कात्री ज्या खणात असते तो खण नुसता ओढला तरी तो उठून स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन अंग चोरून बसू लागला. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर त्याला उभे केले की चारही पंजांचे ओले ठसे उमटत. कुत्र्यांना पंजाच्या गादीतून घाम येतो आणि भीतीने तो वाढतो, हे तेव्हा डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले.

नखे न करता चालले असते तर मी त्याला पुन्हा त्या वाटेला नेले नसते. आम्ही साताऱ्यात राहतो. कोरड्या दिवसांत रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर फिरणे होते आणि त्या डांबरी रस्त्यावर नखे आपोआप बरीच झिजतात. जून उजाडला की फिरणे कमी होते आणि जुलैच्या मध्यापर्यंत फरशीवर चालताना टकटक ऐकू येऊ लागते. ती टकटक म्हणजे उभे राहताना नख जमिनीला टेकते आहे आणि बोट मागे ढकलले जात आहे, अशी खूण असते. असे बरेच दिवस राहिले तर पंजा फाकतो, कुत्रा वजन मागच्या पायांकडे टाकून उभा राहतो आणि गुळगुळीत फरशीवर त्याची पकड सुटते. अंगठ्याचे नख तर जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे ते कितीही फिरवले तरी झिजत नाही आणि दुर्लक्ष झाले तर वळून कातडीत रुतू शकते. शिवाय नखाबरोबर आतली जिव्हाळीही लांबत जाते. एकदम आखूड कापणे मग शक्यच राहत नाही. थोडे थोडे, पण वारंवार कमी करत गेले तरच जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. आतल्या जिवंत भागाला आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे, तो वापरात राहावा असे मला मनापासून वाटते.

हे थोडे थोडे करण्याचे काम कात्रीला नीट जमत नाही आणि ग्राइंडरला जमते, हा माझ्या मते या यंत्राचा खरा आणि सर्वांत मोठा गुण आहे. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, त्यामुळे कुठे थांबायचे ते बाहेरूनच कळते. काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही. कात्रीचे पाते कापण्यापूर्वी नख दाबते, पाते बोथट असेल तर चिरडते, आणि नेमकी तीच दाबल्याची जाणीव तांबूला सहन होत नाही. ग्राइंडरने मात्र नखाचे टोक घासत जाताना दर दोन-तीन स्पर्शांनंतर थांबून ते पाहता येते. आधी कडेला काळे कवच आणि मध्ये खडूसारखा कोरडा, पांढरट भुगा दिसतो. आणखी थोडे घासले की मधोमध एक गर्द ठिपका येतो, तो आसपासच्या भागापेक्षा ओलसर, किंचित चकचकीत आणि मऊ असतो. तिथेच थांबायचे. कात्रीच्या एका घावात हा ठिपका दिसण्याआधीच ओलांडला जाऊ शकतो. ग्राइंडरने तो दिसेपर्यंत वाट पाहता येते. घाबरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत एकही चूक परवडत नाही, म्हणून हा फरक मला हजार रुपयांहून मोलाचा वाटतो.

आता खोक्यावर जे लिहिले आहे त्याविषयी. ‘आवाज नाही’ हा दावा खरा नाही आणि भाबड्या ग्राहकाचे त्याने नुकसान होते. माणसाच्या कानाला हा आवाज दाढीच्या ट्रिमरइतका वाटतो हे मान्य आहे, पण कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आपल्याला फार तर २०,००० पर्यंतचे. मोटरच्या आवाजातले त्याला काय काय ऐकू येते याचा अंदाज आपल्या कानावरून बांधणे बरोबर नाही. दुसरे म्हणजे नखाला लागताच होणारी थरथर सरळ हाडापर्यंत पोहोचते, आणि तिच्याविषयी खोक्यावर एक अक्षर नाही. ‘पाच मिनिटांत नखे तयार’ असेही लिहिले आहे. आमच्याकडे पहिले नख घासले गेले ते यंत्र घरात आल्यानंतर बाविसाव्या दिवशी.

ते बावीस दिवस नेमके कसे गेले हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हे यंत्र घेऊन पहिल्याच संध्याकाळी कुत्र्याला मांडीत दाबून धरणारा माणूस पैसे तर घालवतोच, वर कुत्र्याला आणखी एक भीती देतो. पहिले चार दिवस ग्राइंडर बंद अवस्थेत तांबूच्या जेवणाच्या थाळीपासून दोन हातांवर नुसता पडून होता. मी तो लगेच जवळ सरकवायला निघाले तेव्हा आई म्हणाली, “घाई करू नकोस गं, त्याचा तो येऊन हुंगू दे आधी.” तिचेच बरोबर होते. पाचव्या दिवशी त्याने तो स्वतःहून हुंगला. त्यानंतर मी पलीकडच्या खोलीत, दार लोटून, कमी वेगावर तीन-चार सेकंद यंत्र चालवत असे आणि ते सुरू होताच आई त्याला उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा देत असे. आवाज थांबला की तुकडेही थांबत. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आवाज आधी आणि खाऊ नंतर, असे झाले तर आवाज हीच खाऊची चाहूल ठरते. खाऊ आधी दाखवून मग यंत्र सुरू केले तर खाऊच संकटाची सूचना होऊन बसतो आणि काही दिवसांनी कुत्रा चिकनलाही तोंड लावत नाही. रोज थोडे अंतर कमी करत आम्ही दहाव्या-अकराव्या दिवशी त्याच खोलीत आलो.

पंजाची सवय यापासून वेगळी ठेवली. आधी खांदा, मग कोपर, मग पंजा आणि मग एकेक बोट असा हात फिरवायचा, तो पाय ओढू लागला की सोडून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जायचे. पाय ओढला तर सुटतो अशी खात्री पटल्यावरच त्याने तो माझ्या हातात राहू दिला. त्यानंतर बंद ग्राइंडरची पाठ नखाला टेकवली, पुढे चालू ग्राइंडरची पाठ टेकवून त्याला थरथर कळू दिली, आणि बाविसाव्या दिवशी डाव्या पुढच्या पायाच्या एकाच नखाला एक सेकंद खऱ्या अर्थाने घासणी लागली. त्या दिवशी तेवढेच केले. या काळात त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे लागते. खाणे समोर नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, या सगळ्या गुरगुरण्याच्या कितीतरी आधीच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की यंत्र बंद करावे. गुरगुरला म्हणून त्याला रागावणे तर अगदीच चुकीचे, कारण मग तो पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

आता आमचा रिवाज असा झाला आहे की दर रविवारी दुपारी, फिरून आणि जेवून तो सुस्तावल्यावर, एका वेळी एकच पाय करायचा. आई दही पसरलेली रबरी ताटली त्याच्यापुढे धरते आणि मी बोट दोन्ही बाजूंनी हलकेच पकडते, म्हणजे थरथर कमी पोहोचते. पीनट बटर वापरणाऱ्यांनी त्यात झायलिटॉल नावाचा, साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ नाही ना हे डबीवर वाचून घ्यावे. तो कुत्र्यांना विषारी असतो. घासणी एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेवू नये, कारण घर्षणाने नख तापते. त्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो, तो भुग्याचा असतो आणि त्याने घाबरू नये, पण नखाला बोट लावून ते गरम लागले तर मात्र थांबावे. भुगा डोळ्यांत आणि नाकात जातो, तेव्हा चष्मा व मास्क लावावा. तांबूचे केस आखूड आहेत. ज्यांच्या कुत्र्याच्या बोटांमध्ये लांब केस असतील त्यांनी ते आधी कापावेत किंवा जुन्या पातळ मोज्यातून फक्त नख बाहेर काढावे, कारण फिरत्या घासणीत केस गुंडाळला गेला तर सगळी मेहनत वाया जाईल.

यंत्राच्या घडणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर चार्जिंग चांगले टिकते, महिन्यातून एकदा पुरते. पुढचे झाकण आम्ही दुसऱ्याच आठवड्यात काढून ठेवले, कारण त्या भोकात नख घातल्यावर आत काय चालले आहे हे दिसत नाही आणि दिसणे हाच तर या यंत्राचा फायदा आहे. जास्त वेगाचे बटण आम्ही कधी वापरले नाही. घासणीचा दांडा सहा महिन्यांनी गुळगुळीत झाला आणि नख कमी व तापणे जास्त असे होऊ लागले. बदलीचा दांडा स्वतंत्रपणे मिळवायला मला तीन आठवडे लागले. विक्रेत्यांनी तो यंत्राबरोबरच द्यायला हवा. घेणाऱ्याने तो मिळतो का हे आधी पाहावे.

हे यंत्र सगळ्यांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या कुत्र्याला मिक्सर आणि फटाके यांचीच भीती आहे, पण हात लावलेला चालतो, त्याच्यासाठी धारदार कात्री व शांत हात अधिक बरे. आवाज आणि स्पर्श दोन्ही नको असतील तर फूट-दीड फूट लांबीच्या फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती तिरपी धरावी आणि पंजाने ओरबाडल्याबद्दल खाऊ द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात हे सगळे शंभर रुपयांच्या आत होते, कुत्रा पुढची नखे स्वतःच झिजवतो आणि कोणी त्याला धरलेलेही नसते. जो कुत्रा चावेपर्यंत घाबरतो त्याच्यावर मात्र घरी प्रयोग करू नयेत. नखे करण्याआधी द्यायच्या, भीती कमी करणाऱ्या गोळ्या असतात. त्या कोणत्या, किती आणि द्याव्यात की नाही हे पशुवैद्यच ठरवतील. आणि कोणतेही साधन वापरले तरी रक्त थांबवण्याची पूड हाताशी असावी. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकाला लावून काही मिनिटे न उचलता दाबून धरावे, आणि अर्ध्या तासात रक्त थांबले नाही तर डॉक्टर गाठावेत.

गेल्या रविवारी बाहेर पाऊस कोसळत असताना तांबूच्या डाव्या पुढच्या पायाची पाचही नखे एका बैठकीत झाली आणि त्याने ताटली चाटताना एकदाही मान वर केली नाही. उजव्या पायाची चार नखेही आता तो ग्राइंडरने करू देतो. पाचवे, म्हणजे अंगठ्याचे, अजून नाही. यंत्र त्याच्या जवळ नेले की तो पाय पोटाखाली घेतो, म्हणून ते एवढे एक नख मी माणसांच्या साध्या कानशीने, बिनआवाजी, रोज पाच-सहा फटके देऊन घासते आणि तो तेवढे देऊ देतो.