पद्मिनीचा रबर सेट: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

रंगून आलेल्या प्रीमियर पद्मिनीची घरी जोडणी करताना सगळ्यात आधी रबर लागतं. पुण्यात नाना पेठेत 'फुल सेट' या नावाने एका पिशवीत ते मिळतं: पुढच्या-मागच्या काचेचं रबर, चार दारांचं, डिकीचं, खिडक्यांच्या पन्हळी, ग्रोमेट (वायरीच्या भोकात बसणाऱ्या रबरी कड्या), पेडलचे रबर आणि थोडे बुश (सांध्यात बसणाऱ्या, रबर लावलेल्या नळ्या). सेट घ्यायला हरकत नाही, पण त्यातलं सगळं गाडीवर चढवू नका.

काचेचं रबर या सेटमधली खरी कमाई. दुकानातच ते पूर्ण दुमडून बघा. वळणावर बारीक भेगा किंवा पांढरट रेघ दिसली तर माल जुना, तिथेच परत द्या. या रबरात काच बसायची खाच आणि पत्र्याची कड बसायची खाच वेगवेगळ्या मापाच्या असतात. जुन्या रबराचा बोटभर तुकडा सोबत नेऊन दोन्ही ताडून पाहा. घडीचे बाक राहिले असतील तर रबर तासभर उन्हात पसरून ठेवा.

छताचं कापड काचेच्या आधी लागलं पाहिजे, कारण त्याची कड काचेच्या रबराखाली दाबली जाते. हा क्रम चुकला की बसवलेली काच पुन्हा काढावी लागते, आणि लॅमिनेटेड काच काढताना कोपऱ्यात तडकते. रबर आधी काचेवर चढवा. मग रबराच्या पत्र्याच्या बाजूच्या खाचेत ४-५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवर आणा. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा. ऑइल, डिझेल किंवा ग्रीस नको, त्याने नैसर्गिक रबर फुगतं आणि सैल पडतं. एकाने बाहेरून तळव्याने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी काचेला समांतर ओढायची. दोरी अडली तर जोर करू नका, रबराचा ओठ फाटतो. तिथे पुन्हा पाणी लावा आणि बाहेरून काच थोपटा.

दारांच्या रबराबद्दल मात्र आमची तक्रार आहे. सेटमधलं रबर बहुधा भरीव आणि कडक असतं. दार लागत नाही, म्हणून लोक लॉकचा स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतं तो भाग) सरकवतात किंवा बिजागरी वाकवतात, आणि पत्रेवाल्याने मेहनतीने जुळवलेली फट बिघडते. आधी दारं रबराशिवाय जुळवून घ्या. मग मऊ, पोकळ रबर मीटरवर विकत घेऊन फक्त मास्किंग टेपने लावा. कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावा. ओढल्यावर ती किंचित अडत यायला हवी. सगळीकडे तशी आली तरच चिकटवा, तेही रंग नीट पिकल्यावर. कच्च्या रंगाला ॲडहेसिव्हमधला सॉल्व्हंट खातो.

ग्रोमेट ठीक आहेत, पण मापं मोजकीच. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) एकाही भोकातून वायर उघडी जाऊ देऊ नका. पत्र्याची धार कंपनाने आवरण कापते आणि शॉर्ट होतो. कमी पडणारी मापं सुटी घ्या. पितळी क्लिपा, बिडिंगचे (शोभेच्या पट्ट्यांचे) तुकडे यांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारणं अजूनही फायद्याचं.

सेटमधले बुश वापरू नका. त्यांचं रबर लोखंडी नळीपासून लवकर सुटतं. चांगले बुश वेगळे घ्या, आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बोल्ट गाडी घोडीवर (स्टँडवर) असताना हातानेच लावा. चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर, मगच पाना. लटकत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळवटतो, आणि काही महिन्यांत फाटून करकरायला लागतो.

जोडणी झाली की गालिचा टाकण्याआधी पाणी मारून बघा. आत एकाने कोरडे वर्तमानपत्र अंथरून बसायचं, बाहेरून नळी खालून वर न्यायची. आधी दाराचा तळ, मग कडा, शेवटी काच. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही. पुण्याचा जून यायच्या आत हे उरका. गालिच्याखाली पाणी साचलं की फ्लोअरचा नवा पत्रा आतूनच गंजायला लागतो.