स्विंग कीलच्या बोटीपायी गेलेले ४,२४,५०० रुपये

मे महिन्याच्या अखेरीस, ‘पावसाळा तोंडावर आला आहे, बोट पाण्याबाहेर काढण्याआधी व्यवहार उरकून घेऊ’ अशी घाई करून एका जुन्या शीडनौकेच्या व्यवहारात माझ्याकडून ४,२४,५०० रुपये उकळण्यात आले. इसार म्हणून ५१,०००, किमतीचा निम्मा भाग पुरा करण्यासाठी २,४९,०००, ट्रेलरच्या भाड्याचे ३८,५०० आणि सीमाशुल्काचे म्हणून ८६,०००, असा तो हिशेब आहे. बोट आली नाही आणि येणारही नाही, कारण ती विकणाऱ्या माणसाची नव्हतीच.

पुण्यात राहून बोट कशाला हवी, हे मला घरच्यांपासून हवालदारांपर्यंत सर्वांनी विचारले. कॅटालिना २२ सारख्या छोट्या शीडनौकेची कील, म्हणजे बुडाखालचे जड पाते, वर घेतली की तिला जेमतेम दोन फूट पाणी पुरते, खाली सोडली की ती पाच फूट खोल जाते. त्यामुळे शनिवारी ट्रेलरवर घालून ताम्हिणी घाटाने खाली उतरवता येते, आणि ओहोटीला खाडीचे पाणी उतरले तरी कील वर ओढून आत शिरता येते. अशी जुनी बोट सहा लाखांत मिळते म्हटल्यावर चौकशी करणे हा वेडेपणा नव्हता. समोरचा माणूसही कोणी अडाणी भुरटा नव्हता. डोलकाठीच्या तारा केव्हा बदलल्या, कील वर ओढणाऱ्या विंचची (हाताने फिरवायच्या रहाटाची) तार कुठे गंजते, हे तो न अडखळता सांगत होता.

मला आजही जाळतो तो एक फोटो. त्यात बोट जमिनीवर उभी होती, बाजूंना लोखंडी टेकू होते आणि कीलच्या बुडाखाली लाकडाचा जाड ओंडका होता. म्हणजे बोटीचे सगळे वजन कीलवर पेलले होते. स्विंग कील, म्हणजे अशी वर-खाली फिरणारी कील, हे सुमारे अडीचशे किलोंचे बिडाचे धूड असते आणि ते एका आडव्या पिनेवर लोंबते. त्यावर बोट टेकवली तर कील मागे फिरून वर जाईल, नाहीतर पिनेची बैठक फुटेल. तो फोटो पक्क्या, न हलणाऱ्या कीलच्या दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीचा होता. मी विचारलेही होते. ‘सर, लॉकिंग बोल्ट लावलाय ना,’ असे उत्तर आले. आता असा बोल्ट खरोखरच असतो, फक्त तो कील हलू नये म्हणून असतो, बोट पेलण्यासाठी नव्हे; पण अर्धे खरे असलेले उत्तर रात्री साडेदहाला फोनवर ऐकल्यावर कोणीही गप्पच बसला असता. जुन्या बोटीचा व्यवहार करणाऱ्यांनी बोट पट्ट्यांवर उचलून कील पूर्ण खाली-वर करून दाखवायला सांगावे, आणि तेही स्वतः समोर उभे राहून.

सीमाशुल्काचे पैसे तर एका बचत खात्यात मागितले होते. शुल्क बिल ऑफ एन्ट्रीच्या (आयात मालाच्या सीमाशुल्क नोंदपत्राच्या) आधारे सरकारी खात्यात जमा होते. तो क्रमांक मागा, मिळाला नाही तर फोन ठेवा.

यापुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा कमी संतापजनक नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा पोचपावतीचा क्रमांक मिळाला आणि तेवढेच मिळाले. बँकेने सांगितले की पैसे मी स्वतःच ओटीपी घालून पाठवले आहेत, त्यामुळे अनधिकृत व्यवहाराचे नियम मला लागू होत नाहीत. पोलीस ठाण्यात प्रथम ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगण्यात आले, नंतर ‘बोट रायगडात दाखवली, तिकडे जा’ असे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले, तर ‘वकील आहात का?’ असा प्रश्न आला. अखेर लिहून घेतलेल्या जबाबात माझी शीडनौका ‘मासेमारी होडी’ झाली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी आणखी एक दुपार गेली. संबंधित सागरी कार्यालयाने तर नोंदणी क्रमांक नसल्यास काहीच सांगता येणार नाही, असे एका ओळीत कळवले. नोंदणी क्रमांक नव्हता, हीच तर माझी तक्रार होती! ग्राहक आयोगाकडे जायचे तर विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि तो मीच शोधून आणावा अशी सर्वांची अपेक्षा आहे.

इसार देण्यापूर्वी बोटीच्या मागच्या फळीवर कोरलेल्या हल क्रमांकाचा (बोटीच्या ओळख क्रमांकाचा) जवळून काढलेला फोटो मागावा आणि तो कागदपत्रांशी ताडून पाहावा. पैसे गेलेच, तर बँकेच्या शाखेत रांगेत उभे राहण्याआधी १९३० ला फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकली की ती गोठवणे अवघड होते. संभाषणे आणि फोटो पुसू नयेत. माझ्याकडे तो ओंडक्याचा फोटो आहे; ज्यांना अशीच जाहिरात दिसली असेल त्यांनी ताडून पाहण्यासाठी मागावा, मी पाठवीन.